फखरुद्दीन यांच्या नावाने

“चाचा, पासवर्ड टाकताय का गोधडी शिवताय?” हितेश खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. दोन हमाल हसले.

फखरुद्दीन कीबोर्डवर आणखी वाकले. उजव्या हाताची दोन बोटं वीस वर्षांपूर्वी कापडाच्या लूमच्या पट्ट्यात गेली होती. उरलेल्यांतल्या एका बोटानं ते अक्षर शोधत होते. कशेळीच्या त्या औषधांच्या गोदामात खोकं हलवायचं तर आधी कॉम्प्युटरवर नोंद लागायची. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून पाच मिनिटं हात लागला नाही की ते बाहेर काढायचं. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. दिवसातून चाळीसदा. आणि हितेश सुपरवायझर, त्यांच्या मुलाच्या वयाचा, दर वेळी मागे येऊन उभा राहायचा.

शेवटी त्यांनी मॅनेजरकडे लेखी अर्ज दिला. आठवड्यानं ठाण्याहून सॉफ्टवेअरवाली मृणाली आली. चहा निवायच्या आत काम झालं.

“काका, आमच्या पानावर नावाचा रकाना कुठला आणि पासवर्डचा कुठला, हे ब्राउझरला ओळखूच येत नव्हतं. म्हणून तो भरत नव्हता. चूक आमचीच.”

पडद्यावर प्रश्न आला : पासवर्ड लक्षात ठेवू?

“हे टेबल तुम्ही एकटेच वापरता ना?”

“मीच, बेटा. सहा वर्सं झाली.”

त्यांनी ‘हो’ दाबलं. मग सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरले. रकाने आपोआप भरले. ते इतके हसले की मृणालीलाही हसू आलं. घरी त्यांनी बायकोला, नूरीला सांगितलं, “आता मागं कोन उभा राहत न्हाय.”

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी ते हितेशला सांगून जुम्म्याच्या नमाजला गेले. परतले तेव्हा हितेश त्यांच्या खुर्चीतून उठत होता.

“गाडी खोळंबली होती. काढून दिली,” तो म्हणाला.

ती साधी गाडी होती. तिच्यात इन्सुलिनची अठरा खोकी चढली होती. ती थंड गाडीतून जायची असतात. नाशिकला पोचेपर्यंत माल वाया गेला.

सोमवारी मॅनेजर भाविकसरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“दीड वाजताची नोंद तुमच्या नावानं आहे. पासवर्ड कोणाला दिला होता?”

“कोनालाच न्हाय, साहेब. पन गाडी हितेशनं काढली.”

“मी? माझं नाव हाय का तिथं?” हितेश म्हणाला.

भाविकसरांनी मृणालीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“आपोआप भरायची ती सोय कोणाच्या अर्जावरून केली?”

“फखरुद्दीनकाकांच्या. पण सर, मग त्या खुर्चीत बसणारा कोणीही त्यांच्या नावानं—”

“अर्ज त्यांचाच ना?”

“हो, पण—”

“थँक यू.” फोन बंद झाला.

“मी तवा मशिदीत होतो, साहेब. पन्नास मानसांनी बघितलंय. ह्याला सांगूनच गेलो.”

हितेश मोबाइलकडे बघत म्हणाला, “मला न्हाय सांगितलं.”

“म्हणजे ड्युटी सोडून गेला होतात,” भाविकसर म्हणाले. “गेटवर नोंद नाही. आता मी हे कागदावर घेऊ, की राजीनामा देताय?”

फखरुद्दीन उभेच होते. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. दर शुक्रवारी गेटवर नोंद न करता जा, असं हितेशनंच सांगितलं होतं, हे त्यांच्या ओठांवर आलं. पण समोरच्या दोघांकडे बघून त्यांनी पेन मागितलं.

“आणि उद्या या,” भाविकसर कागद घेताना म्हणाले. “नव्या मुलीला काम दाखवून जा. नाहीतर हिशेब अडकेल.”

नवी मुलगी खारबावची होती, उन्नती. मंगळवारी दिवसभर ती वही घेऊन बसली आणि फखरुद्दीन शेजारी स्टूल ओढून शिकवत राहिले. निळी पट्टी म्हणजे थंड माल. तो कितीही घाई असली तरी साध्या गाडीत घालायचा नाही, हे त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. हितेश दोनदा जवळून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, “चाचा, जरा हात चालवा.”

सहा वाजता ते उठले. डबा पिशवीत घातला.

“काका, सकाळी कुठल्या गेटनं येऊ?” उन्नतीनं विचारलं.

“मागच्या. पुढं ट्रक रिवर्स घेतात. बघत न्हाय कोनी.”

तिनं तेही वहीत लिहून घेतलं.