दुपारची गोळी

मित्रांनो, मुठीत मावेल एवढी, पांढऱ्या प्लास्टिकची मी औषधाची बाटली आहे. माझ्या पोटात आता एकही गोळी नाही आणि अंगावरचा कागद पिवळा पडला आहे. रिकाम्या बाटलीला एरवी कोणी जपून ठेवत नाही. मला का ठेवलं, ते सांगते.

कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले, तेव्हा सगळं कौतुक माझ्या झाकणाचं होतं. ते नुसतं फिरवून निघत नाही. तळव्याने जोर लावून खाली दाबायचं आणि दाबलेलं असतानाच फिरवायचं. लहान मुलांनी गोळ्या खाऊ समजून तोंडात टाकू नयेत, म्हणून ही युक्ती. माझ्या जातीच्या बाटल्या आधी चार-पाच वर्षांच्या मुलांना देऊन पाहिल्या होत्या. मुलांनी ओढलं, चावलं, आपटलं, पण झाकण निघालं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला.

मग माझ्यात कंपवाताच्या गोळ्या भरल्या. पण हात कापणाऱ्या एकाही माणसाच्या हाती मला कोणी देऊन पाहिलं नव्हतं. ही गोष्ट तेव्हा माझ्याही ध्यानात आली नाही.

मी राहुरीजवळच्या एका वस्तीवर कृपादान यांच्या घरी आले. कृपादान रोपवाटिकेत चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधत आले होते. लोक म्हणत, यांच्या हातचं कलम जळत नाही. त्याच हातांना आता कंप सुटला होता आणि बोटं आखडली होती. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात मोकळे व्हायचे, पाय चालायचे. तिचा असर सरला की माणूस पुन्हा लाकडासारखा. म्हणून डॉक्टरांनी वेळा ठरवून दिल्या होत्या. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा.

सकाळी आणि संध्याकाळी त्यांची बायको रूथ मला उघडायची. दुपारी मात्र ती शाळेत मुलांचा भात शिजवायला गेलेली असायची. गोळी काढून वाटीत ठेवावी, तर माझ्यावर छापलं होतं, 'गोळी बाटलीतच ठेवा, हवा लागू देऊ नका.' रूथ म्हणायची, "लिव्हलंय तर कारन असंल."

एक वाजता सकाळच्या गोळीचा जोर संपलेला असे. मला उघडायला हातात बळ हवं होतं, आणि ते बळ माझ्या पोटातल्या गोळीत होतं.

मग कृपादान मला खिशात घालून, पाय ओढत शेजारच्या दगडाबाईंच्या दारात जात. "बाई, जरा झाकन काढा की." त्या काढून देत. पण रोज रोज मागायची त्यांना लाज वाटू लागली. एखाद्या दिवशी ते मला नुसते हातात धरून बसत आणि पुन्हा फळीवर ठेवून देत. संध्याकाळी रूथ विचारायची, "दुपारची घेतली न्हवं?"

"व्हय, घेतली," ते म्हणत.

एके दिवशी अमावस्या होती. दगडाबाई शनिशिंगणापूरला दर्शनाला गेल्या होत्या. त्या दुपारी कृपादान यांनी मला उघडायचा फार प्रयत्न केला. तळव्याने दाबलं, दातांत धरलं, दाराच्या फटीत अडकवून फिरवलं. मला जसं घडवलं होतं, तशीच मी वागले. अखेर ते पलीकडच्या घरी जायला निघाले, पण उंबऱ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि ते तोंडावर पडले. मी हातातून सुटून अंगणात घरंगळत गेले. रूथ तीन वाजता आली, तोवर ते तिथेच पडून होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या कागदावर एक ओळ लिहिली गेली, 'रुग्ण गोळ्या वेळेवर घेत नाही.'

काही आठवड्यांनी त्या दवाखान्यात डॉ. मोनिका आल्या. त्या औषध कंपनीच्या वैद्यकीय विभागात होत्या. गोळ्या विकणं हे त्यांचं काम नव्हतं. औषधाविषयी डॉक्टरांच्या शंका सोडवायच्या आणि घेणाऱ्यांना त्याचा कसा गुण येतो ते समजून घ्यायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर त्यांना म्हणाले, "गोळी चांगली आहे तुमची, पण लोक दुपारची चुकवतात." इतकी वर्षं मोनिका मॅडम असं ऐकून वहीत लिहून घेत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "असं एखादं घर मला बघता येईल?"

रूथने होकार दिला आणि त्या आल्या. रूथने मला त्यांच्यापुढे ठेवलं. गोळ्या मोजल्या, तर नऊ जास्त निघाल्या. रूथ नवऱ्याकडे बघतच राहिली.

खाटेवरून कृपादान हळू आवाजात म्हणाले, "बाटलीला नावं नका ठिवू, मॅडम. माझंच हात वंगाळ."

तशी रूथ उठली. तिने मॅडमचं मनगट धरलं आणि गदागदा हलवत म्हणाली, "आता उघडा. उघडा बघू!" मी मॅडमच्या हातातून दोनदा निसटले.

"तुमी डॉक्टरला इचारलं, दुकानदाराला इचारलं," रूथ म्हणाली, "खानाऱ्याला कुनी इचारलंच न्हाई."

गोळ्या संपल्यावर मॅडमनी मला मागून घेतलं.

पुण्यात कंपनीच्या बैठकीत मी टेबलावर होते. एक साहेब म्हणाले, "झाकण नियमाप्रमाणेच आहे." मॅडम म्हणाल्या, "हो, आहे. पण ज्याच्यासाठी औषध केलं, त्याला ते उघडत नाही. पुढच्या बैठकीला रुग्ण आणि त्यांच्या घरचे इथे बसतील. ते बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाही." वाद झाला, महिने गेले, पण अखेर ते मान्य झालं.

रूथलाही निरोप गेला. पण तोवर अंथरुणाला खिळलेल्या कृपादान यांच्या छातीत कफ भरला होता. नाताळाच्या आठ दिवस आधी ते गेले. "आता मी यिऊन काय करू?" रूथ फोनवर म्हणाली. तरीही ती बैठकीला गेली. दिवसभर बसून तिने सगळं सांगितलं.

पुढच्या वर्षी नवं झाकण निघालं. रुंद, कडेला खाचा असलेलं, मनगटाने ढकललं तरी फिरणारं. ज्या घरात लहान मूल नाही, तिथे मागितलं की ते मिळतं. मॅडम पहिली बाटली घेऊन रूथकडे गेल्या. त्यांच्या पिशवीत मीही होते. रूथने झाकणाला नुसता हात लावला आणि ते निघालं. तिने ते लावलं, पुन्हा काढलं. मग पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

मित्रांनो, तेव्हापासून मी मॅडमच्या टेबलावर आहे. मला शाबासकी देणारे खूप होते, पण ज्यांना माझी गरज होती, त्यांच्यासमोर मी बंदच राहिले. तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी काही घडवाल. ते घडवण्याआधी त्या माणसाच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. तो हळू बोलत असेल, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.