प्रार्थना कोण घेतं?

खोटंच बोलायचं असेल तर निदान नीट पाठ तरी करून घ्या माझ्याकडून, असं मी सासूबाईंना म्हणालो. टोमणा होता. त्यांनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि शिकवणी सुरू केली. पोरीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत शाळेच्या मोठ्या बाई विचारणार, घरी प्रार्थना कोण घेतं. मी म्हणायचं, मी घेतो, रोज, जेवणाआधी आणि झोपताना. मग विचारणार, रविवारी उपासनेला येता का. मी म्हणायचं, चुकवत नाही. एवढं बोलल्यानं तुमची जीभ काही झडणार नाही, हेही त्यांनी वर ऐकवलं.

जीभ झडणार नव्हती, खरं आहे. पण बायकोला पुरून आल्यापासून मी चर्चची पायरी चढलेलो नाही, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. ती आजारी होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात गुडघे टेकले होते. येणारे-जाणारे बघत होते तरी टेकले होते. म्हणशील ते करतो, म्हणशील ते सोडतो, पण हिला ठेव. नाही ठेवली. नंतर घरी भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की प्रभूला तिची जास्त गरज होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, कशाला, वर पडदे शिवायचे राहिलेत का? आणि त्यांना दार दाखवलं. तेव्हापासून देवाचं आणि माझं बोलणं बंद आहे. त्या गृहस्थांचंही बंद आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही.

पडदे म्हणालो, कारण बायको पडदे शिवायची. मी खिडक्यांना काचा बसवतो. लोक चेष्टा करायचे की नवरा उघडं करतो आणि बायको झाकते. पुष्कळदा एकाच गिऱ्हाइकाकडे दोघं असायचो. मी खाली बसून काचेच्या कडेला भरायची लांबी मळायचो आणि ती स्टुलावर चढून पडद्याची दांडी लावायची. तोंड दोघांचंही चालू.

ही शाळा तिनंच शोधली होती. शाळेच्या हॉलचे पडदे लावायला गेली तेव्हा आमची मिरी पोटात होती, आणि तशा अवस्थेत स्टुलावर चढली म्हणून मी तिला फाडफाड बोललोही होतो. हॉलमध्ये मुलांच्या गाण्याचा सराव चालला होता. पहिल्या रांगेत एक गुबगुबीत पोरगं तोंड फाडून गात होतं, आणि इतकं बेसूर की कानात बोटं घालावीत. ही वर उभी राहून वाट बघत होती की आता बाई ह्याला मागे ढकलतील, आता नुसते ओठ हलव म्हणतील. बाईंनी हात वर करून त्यालाच सांगितलं की छाती भरून श्वास घे, अजून मोकळं गा. घरी येऊन ही मला म्हणाली, आपलं मूल तिथंच जाणार. ती शाळा नुसतं डोकं ठेवून घेऊन बाकीचं पोरगं घरी परत पाठवत नाही. मुलं तिथं आपापले वर्ग झाडतात, बागेत वाफे खणतात, भांडण झालं की समोरासमोर बसून मिटवतात, गळा असो नसो गातात, आणि पाढेही म्हणतात. मी हसलो. म्हटलं, आधी पोर बाहेर तर येऊ दे.

माझ्या दादाचं मत अर्थातच वेगळं. त्याचा मुलगा नाक्यावरच्या शाळेत जातो, जिच्या दारात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो टांगलेत. दादानं मला घरी बोलावून समजावलं की तू उगाच आटापिटा करतोयस. पोरीला गाणी आणि खणणं शिकवून काय माळीण करायची आहे? वर तिथं देवाचं नाव काढतात, आणि तुला ते नाव ऐकवत नाही. ह्या शाळेत फक्त मार्क विचारतात, देवाशी तुझं पटतं की नाही ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्याच्या बोलण्यात दम होता, म्हणून मला जास्तच राग आला. पुतण्या शेजारीच बसला होता. हुशार आहे पोरगं, वाद नाही. मी त्याला सहज विचारलं की तुला शाळेत काय आवडतं रे, तर त्यानं आधी बापाकडे बघितलं. मी उठलो. दादाला म्हटलं, तू तुझ्या पोराचं बघ, माझ्या पोरीचं मी बघतो.

तर अशी सगळी वाट सासूबाईंच्या शिकवणीपाशी येऊन थांबली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शाळेत जागा थोड्या, येणारे पुष्कळ, आणि शाळा चर्चच्या मंडळीची. बाप देवाशी बोलत नाही म्हटल्यावर पोरीला कोण दारात उभं करेल? त्यांनी मिरीलाही समोर बसवलं. मिरी हे तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून माझ्या डोक्यावर मिरे वाटते म्हणून मिरी. आजीनं तिला वाक्य दिलं, बाबा रोज प्रार्थना घेतात. मिरीनं विचारलं, कधी? आजी म्हणाली, झोपताना. मिरी म्हणाली, पण तेव्हा तर तो भांडी घासतो. आजी म्हणाली, असं म्हणायचं असतं, सोन्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी भांड्यांकडे बघितलं.

मी शिकवणी चालू दिली, कारण मला ती शाळा हवी होती. शाळा म्हणून हवी होतीच, पण त्याहून जास्त अशासाठी की मिरीच्या आईनं मागितलेलं, मला अजून देता येण्यासारखं, तेवढंच शिल्लक राहिलं होतं. ते हातचं गेलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो?

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्यावर सवयीनं माझं लक्ष आधी खिडकीकडे गेलं. खालच्या काचेची लांबी सुकून सुटत आली होती. मनातल्या मनात चडफडलो, आणि मग बाईंकडे बघितलं. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि बसल्या होत्या मिरीला दिलेल्या खुर्चीएवढ्याच बुटक्या खुर्चीवर, त्यामुळे त्यांचे गुडघे पार हनुवटीपाशी आलेले. आम्हा मोठ्यांना बाक होता. मिरीला त्यांनी काय काय विचारलं आणि मिरीनं त्यांना त्याहून जास्त विचारलं. काच फुटते तेव्हा आवाज आधी होतो की तुकडे आधी होतात? बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या की मला नाही माहीत, शोधून काढायला हवं. सासूबाईंनी मला कोपर मारलं. गाडी रुळावर होती.

मग बाईंनी विचारलं, घरी प्रार्थना कोण घेतं?

मिरी एकदम ताठ झाली. पाय हलवत होती ते थांबले, हात मांडीवर गेले. आणि एरवी समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलणाऱ्या माझ्या पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. बरोबर की चूक, ते माझ्या तोंडावर शोधायला. दादाच्या घरी बघितलं होतं ते बघणं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा रोज प्रार्थना घेतात." घरी ती मला अरे-तुरे करते.

"खोटं आहे," मी म्हणालो. "आम्ही शिकवलंय ते तिला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला आता थांबता येत नव्हतं, आणि थांबायचंही नव्हतं.

"मी प्रार्थना घेत नाही, बाई, आणि घेणारही नाही. मागितलं होतं, मिळालं नाही, विषय संपला. पण तुम्ही लोकांना सांगता ना, आम्ही मूल अख्खं घेतो, नुसतं डोकं नाही? मग हिला घ्यायचं तर हिच्या घरातला राग पण घ्यावा लागेल. तो काही बाहेर छत्रीशेजारी ठेवून येता येत नाही. नसेल चालत तर आत्ता सांगा, आम्ही निघतो."

सासूबाई गडबडीनं सांगू लागल्या की जावई मनाचे वाईट नाहीत, तोंडानं फाटके आहेत, माझी लेक गेल्यापासून असे झालेत. बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे सांगितलं की हा प्रश्न कुणाला पास-नापास करायला विचारत नाहीत. घरी मूल काय ऐकतं ते आम्हाला माहीत असावं, म्हणजे वर्गात कुणी त्याला चूक म्हणणार नाही. प्रार्थना होत नाही म्हणून ह्या शाळेनं आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एवढी शिकवणी फुकट गेली होती.

मला वाटलं सुटलो. पण बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये प्रार्थना असते, मुलं आपापल्या शब्दांत मोठ्यानं बोलतात, आणि नव्या मुलामागे पहिल्या शुक्रवारी घरचं माणूस उभं राहतं. याल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उभा राहीन. डोळे मिटणार नाही आणि आमेन म्हणणार नाही.

"नका म्हणू," बाई म्हणाल्या. "पण मुलगी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आज घातलंत."

खोटं थांबवायला घातलं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ती नजर मला पहिलीत असताना शेवटची दिसली होती. मी कबूल झालो. बाहेर आल्यावर सासूबाई माझ्याशी घरापर्यंत बोलल्या नाहीत आणि मग घरी पोचल्यावर जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

मिरीला घेतलं. दादानं एवढंच म्हटलं की पुढे रडत येऊ नकोस.

शुक्रवारी मी स्वच्छ शर्ट घालून गेलो, तोही सासूबाईंनी हातात कोंबला म्हणून. हॉल पोरांनी भरलेला. माझ्या बायकोनं लावलेले पडदे कधीच बदलले होते, आणि बरंच झालं. नव्या मुलांना पुढे उभं केलं, आम्ही घरची माणसं मागे, सासूबाई माझ्या शेजारी. सगळ्यांचे डोळे मिटले. मी हात पाठीमागे बांधून टक्क उघड्या डोळ्यांनी उभा. एका पोरानं हलणारा दात दुखू देऊ नकोस म्हणून सांगितलं. एकीनं कुत्रा मागितला, रंगासकट. प्रत्येकामागून मोठ्या बाई आमेन म्हणत आणि मग सगळा हॉल म्हणे.

मिरीची पाळी आली. सासूबाई पुटपुटायला लागल्या, बहुतेक तिला काहीतरी पढवून ठेवलं असणार. मिरीनं ते म्हटलं नाही. तिनं मान वर केली आणि आमच्या घरात भांडण काढताना लावते तो आवाज लावला.

"देवा, माझा बाबा तुझ्याशी बोलत नाही. तो खूप हट्टी आहे, तो आधी बोलणार नाही. पण आई तू नेलीस. चूक तुझी आहे. म्हणून आधी तू बोल."

तिला उचलून घेऊन तिथून चालू पडावं असं वाटलं, पण मी शब्द दिला होता. सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली. मी मोठ्या बाईंकडे बघत होतो. आता त्या म्हणणार, बाळ, देव चुकत नसतो. आता त्या तिला गोड बोलून मागे ढकलणार. मी तयार होतो. एक शब्द जरी वाकडा बोलल्या असत्या तरी पोरीला घेऊन मी त्या दारातून बाहेर पडलो असतो आणि परत फिरकलो नसतो.

दाताला आणि कुत्र्याला म्हटलं होतं त्याच आवाजात बाई म्हणाल्या, "आमेन."

आणि सगळा हॉल म्हणाला, आमेन. दातवालं पोरगं म्हणालं, कुत्रावाली म्हणाली, माझ्या शेजारी रडत रडत सासूबाईही म्हणाल्या. मी नाही म्हटलं. आधी त्याला बोलू दे.