हिरवा पुडा आणि माझी वाकडी रेघ

मित्रांनो, शेवटी देवळापुढच्या गल्लीत प्रत्येक घराला वेगळ्या चित्राचा कंदील मिळाला. हे तुम्ही वाचलेलेच नाही, असे समजा. आता सुरुवात करतो.

मी एक जुना प्लॉटर आहे. पेन धरून कागदावर रेघा ओढणे हे माझे काम. तरुणपणी तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका कचेरीत मी इमारतींचे नकाशे काढत असे. माझी रेघ पाहून साहेब लोक हातातली पट्टी खाली ठेवत. पुढे छपाईयंत्र आले आणि माझ्या पाठीवर चहाचे पेले ठेवले जाऊ लागले. तिथून मला शू-याओने उचलून आणले.

शू-याओ कोड लिहून चित्रे काढते. दर पावलाला कुठे वळायचे ते नशिबावर सोडायचे, ही तिची शिकवण. आयुष्यभर सरळ भिंती काढल्यावर उतारवयात हे शिकणे सोपे नव्हते, पण जमले. एक चित्र दुसऱ्यासारखे नसे.

म्हणून तिने देवस्थान समितीच्या होंग काकांना शब्द दिला: कंदिलांच्या सणाला प्रत्येक घराचे चित्र वेगळे.

"नाही जमलं तर सांग, पोरी," काका म्हणाले. "छापील ड्रॅगनचा गठ्ठा आणून ठेवलाय."

सणाच्या आदल्या दिवशी माझी रेघ एका जागी अडकू लागली. नशिबाची वळणे ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून निघतात, तो आकडाच शू-याओने चूक शोधता यावी म्हणून बांधून टाकला. आकडा तोच, तर वळणे तीच, चित्रही तेच. चूक सापडली. आकडा सोडवायला मात्र ती विसरली.

नेमकी तेव्हाच घरमालकीण ग्वी मावशी वर आली. ती खाली माशाची पेज विकते. तिने माझ्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवला. यंत्र नीट वागावे म्हणून आमच्याकडे ठेवतात.

मग मी एकच चित्र काढत सुटलो.

"बघ, कसा गुणी झालाय," मावशी म्हणाली.

"मावशी, जास्तच झालाय. मला जरा वाह्यात हवाय."

पुडा काढला. चित्र तेच.

"भिनलंय त्याच्यात. आता शिळा पुडा ठेवू. शिळ्यानं यंत्रं बिघडतात."

तिने कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे शिळा पुडा मागितला.

"माझ्या दुकानात शिळा माल? तोंड सांभाळून बोल." मग तो हळूच म्हणाला, "किती हवेत?"

शिळ्यानेही फरक पडेना, तेव्हा होंग काकांनी देवीपुढे अर्धचंद्राकृती लाकडी तुकडे टाकून विचारले, यंत्राने माफी मागावी का? कौल होकाराचा पडला. मला हातगाडीवरून देवळात नेले आणि पेनाचा हात धरून वाकवले. कशाबद्दल, ते कोणी सांगितले नाही.

"तुझ्या यंत्राला आकडा लागतो ना? आता तुकडे पडतील तसा घाल," काका शू-याओला म्हणाले. "देवीची मर्जी चालू दे."

तिने कोड उघडला. तिथे तिचाच आकडा ठाण मांडून बसला होता. तिचे कान लाल झाले. काका प्रत्येक घरासाठी तुकडे टाकत राहिले, ते पडतील तसा ती नवा आकडा रचत गेली, आणि मी मनसोक्त वाकडा चाललो.

मावशी म्हणते, शिळ्या पुड्याने झाले. काका म्हणतात, देवीने केले. शू-याओ हल्ली मला फार जपून पुसते. गल्लीतल्या प्रत्येक घराची मात्र एकच तक्रार आहे: "शेजाऱ्यांसारखं आम्हाला का नाही?"

सबब, देवस्थान समितीस नम्र विनंती की, प्रस्तुत यंत्राने मागितलेली माफी नजरचुकीने स्वीकारली गेली असल्याने ती मूळ स्थितीत परत करण्यात यावी, आणि यापुढे कोणत्याही यंत्रास वाकवण्यापूर्वी त्याच्या मालकाचा कोड देवीपुढे मोठ्याने वाचून दाखवण्यात यावा.