पर्यायी व्यवस्था होईपर्यंत

कोल्हापूरला खेटून असलेल्या आमच्या नगरपालिकेच्या एकूण नऊ वेबसाइट आहेत, आणि नऊच्या नऊ माझ्या मोबाइलवर जगतात. पोहण्याच्या तलावाची एक, बागांची एक, नाट्यगृहाची एक, भटक्या कुत्र्यांचीसुद्धा एक. दर वेळी कुणाला तरी वाटलं की आपल्या खात्याची वेगळी वेबसाइट हवी. दर वेळी हार-नारळ झाले, पेढे वाटले गेले, आणि दर वेळी ठेकेदाराने मला विचारलं, "क्रांतीमॅडम, ओटीपीसाठी तुमचाच नंबर टाकू का? नंतर बदलता येतोय की." बदलता येतो खरा, पण त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी स्वतःचा नंबर द्यावा लागतो. चौदा वर्षांत असा माणूस मला भेटलेला नाही. कुत्र्यांच्या वेबसाइटवर अजून तीन वर्षांपूर्वीच्या लसीकरणाची तारीख झळकते आहे, आणि ती पाहून कुणी फोन केला तर तो मलाच येतो.

मी आणि माझी आई तानाबाई हुपरीत राहतो, पण दिवसभर ती घरी एकटीच असते. चाळीस वर्षं तिने पैंजणांना घुंगरं जोडली, त्यात एक डोळा गेला. उरलेल्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे असतात. तिचा हात थरथरतो, थेंब गालावर पडतो, आणि ती मला सांगते, "घातलं की गं." मी सकाळी आठच्या एसटीने निघते ती संध्याकाळी साडेसातला घरी पोचते. मधले दोन थेंब रोज चुकतात. तो डोळाही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

सहा वर्षं मागितल्यावर हुपरीला बदलीचा आदेश आला. महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर आदेश रद्द. फक्त आमचे मुख्याधिकारी हंबीरराव साहेब यांनी कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करायची होती.

"करतो की," साहेब म्हणाले. "तेवढा एक अभिप्राय द्या आणि खुशाल जावा."

अभिप्राय होता शववाहिकेचा. एका नगरसेवकाला तिची स्वतंत्र वेबसाइट हवी होती. होळीला लोक स्मशानासाठी शेण्या, म्हणजे गोवऱ्या, दान देतात, त्या दात्यांचे फोटोही त्यात येणार होते. शेजारी नगरसेवकही उभे असणार, हे सांगायला नको. 'स्वतंत्र संकेतस्थळ आवश्यक आहे किंवा कसे' यावर मी माझं मत लिहायचं होतं.

'आवश्यक आहे' एवढे दोन शब्द लिहिले असते तर त्याच दुपारी मोकळी झाले असते. पण माझा हातच चालेना. माझे वडील गेले त्या सकाळी आमच्या घरात कुणी वेबसाइट उघडली नव्हती. शेजारच्या शालूबाईंनी शववाहिकेसाठी फोन लावला होता, तोही चार वेळा, तेव्हा कुठे कुणी उचलला. मी लिहिलं की वेगळी वेबसाइट तेव्हाच काढावी, जेव्हा लोक ती सेवा वेगळी शोधत येतात, तिचा पसारा मुख्य वेबसाइटवर मावत नाही, आणि ती रोज सांभाळायला एक माणूस नेमलेला असतो. इथे यातलं काहीच नाही. मुख्य वेबसाइटवर एक पान पुरे, आणि त्यावर एक फोन नंबर, जो कुणीतरी उचलेल.

साहेबांनी वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "एक नंबर! असंच पायजे. नगरसेवकांना मी बघतो." तिथल्या तिथे मंजुरी दिली. मला इतका आनंद झाला की चौदा वर्षांत पहिल्यांदा मी साहेबांना चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी पान सुरू झालं. त्यावर नंबर माझा होता.

"साहेब, मी जाणार आहे."

"जावा की. पण त्यो नंबर सगळ्या गावाला पाठ हाय. दुसरा कुणाचा घालू? कोण देतंय?" आणि त्यांनी कार्यमुक्तीच्या मसुद्यात एक ओळ वाढवली: पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कार्यमुक्त करता येणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी तशीच बाजारात गेले, नवा फोन आणि नवा नंबर घेतला. जुना फोन चार्जरसकट साहेबांच्या टेबलावर ठेवला. "ही घ्या पर्यायी व्यवस्था."

साहेब हसले. फोन ड्रॉवरमध्ये टाकला, ती ओळ खोडली आणि म्हणाले, "उद्या सकाळी पत्र न्या." त्या संध्याकाळी एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, तरी मी हसत उभी होते.

सकाळी पत्र सही होऊन तयार होतं. साहेब यायचे होते. शिपायाने ड्रॉवरकडे बोट दाखवलं. "मॅडम, काल ह्यो लई वाजत हुता. साहेब पाचलाच गेलते, मी कशाला हात लावू?"

एकाच नंबरचे अकरा मिस्ड कॉल होते. पहिला सव्वापाचचा, शेवटचा पावणेआठचा. मी लावला.

"गुंडू बोलतोय, कळंब्यास्नं. मंडळी गेली काल आमची. गाडीसाठी केलता फोन."

"मग काय केलंत?"

"दुधाच्या टेम्पोतनं नेली की. म्हटलं, बाई कामात असतील." त्यांच्या आवाजात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, तर तेच म्हणाले, "असू दे, असू दे."

अभिप्रायातली ती ओळ माझीच होती: जो कुणीतरी उचलेल. मी पत्र पर्समध्ये घातलं. मग फोनही घातला.

दुसऱ्या दिवशी हुपरीत रुजू झाले. ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर. दुपारचा थेंब जेवणाच्या सुट्टीत, वेळेवर. संध्याकाळी आईला खिडकीशी बसवलं, एका हाताने पापणी वर धरली, दुसऱ्या हातात बाटली. सहा वर्षं मी याच घटकेसाठी अर्ज लिहीत होते.

पर्स वाजायला लागली.

मी हलले नाही. नवा फोन गादीवर होता, हा आवाज जुन्याचा होता. मला रडू आलं, खरंच आलं. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"कुणाचा गं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. माझ्या हातातली बाटली तिने चाचपडत काढून घेतली.

"घे आधी," ती म्हणाली. "माझा डोळा कुठं पळून चाललाय व्हय?"

मी फोन उचलला. पलीकडे एक बाई नुसतीच रडत होती. मी म्हणाले, "बोला, पत्ता सांगा." आणि लिहून घेताना पाहिलं, आईने आपल्या आपणच थेंब घातला होता, आणि तो गालावरून ओघळत होता.