गायीचे मागचे पाय

ऑब्री स्ट्राउड दोनदा वारला. दुसरी वेळ खरी, पण ती पुष्कळ नंतरची. पहिल्यांदा वारला तेव्हा मी त्याची एजंट होते, म्हणून ती बातमी मला फोनवर त्याच्याच तोंडून कळली.

"म्युरिएल," तो म्हणाला, "मी गेलो."

"कधी?"

"मंगळवारी म्हणतात. तुझ्याकडे पेपर आला नाही?"

पेपर आला होता, पण मी आधी शब्दकोडं सोडवते. पान उलटलं तर अर्ध्या पानावर ऑब्रीचा फोटो, बिशपच्या टोपीतला. टीव्हीवर बारा वर्षं तो बिशप होता. त्याआधी वीस वर्षं रंगभूमीवर राजे आणि राजांचे काका, आणि मधूनमधून अमेरिकन सिनेमात तो इंग्रज माणूस, जो शेवटून दुसऱ्या प्रसंगात उंचावरून पडतो. लेखात हे सगळं होतं. अभिनयाबद्दल "मर्यादित, पण भरवशाचा" असं लिहिलं होतं. हे लिहिणारा समीक्षक स्वतः चार वर्षांपूर्वी वारला होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आमच्याकडे मोठी वर्तमानपत्रं नावाजलेल्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून खणात ठेवतात. माणसानं वेळेवर मरायचं, एवढंच काय ते बाकी असतं.

"मर्यादित," ऑब्री म्हणाला.

"भरवशाचा असंही म्हटलंय."

"भरवशाचा हमाल असतो, म्युरिएल." मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पण मथळा पाहिलास का?"

मथळा होता: 'अर्नेस्ट टॅटरसॉल, नट'. खाली बारीक अक्षरात 'ऑब्री स्ट्राउड या नावाने प्रसिद्ध'.

इथे थोडं मागं जावं लागेल. ऑब्रीचं जन्माचं नाव अर्नेस्ट टॅटरसॉल. ॲक्रिंग्टनला त्याच्या वडिलांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पाटीवर 'टॅटरसॉल आणि पुत्र' असं पुत्र जन्मला त्याच आठवड्यात रंगवून घेतलेलं होतं. पुत्र नट झाला. एकोणीसशे एकोणपन्नास साली नटांच्या युनियनमध्ये नाव नोंदवायला गेला, तर तिथल्या बाईनं सांगितलं की अर्नेस्ट टॅटरसॉल नावाचा नट सहा आठवड्यांपूर्वीच नोंदला गेलाय, हल शहरातला. एका नावाचे दोन नट युनियनला चालत नाहीत. दुसरं नाव सांगा, मागे रांग आहे. यानं खिडकीबाहेर पाहिलं. समोर 'ऑब्री, पुरुषांचे कपडे' अशी पाटी होती आणि तिच्याखाली स्ट्राउड गावाला जाणारी बस उभी होती. तिथे मासळीवाला उभा असता तर काय झालं असतं, याचा मी कधी कधी विचार करते.

वडिलांनी ते नाव ऐकून एवढंच म्हटलं, "या स्ट्राउडला आम्ही ओळखत नाही. टॅटरसॉल असं कागदावर छापून आलं की बघायला येऊ." म्हातारा शब्दाचा पक्का. एकसष्ट साली गेला तोवर त्यानं मुलाचं एक नाटक पाहिलं नाही. मागे थोरली बहीण उरली, एड्ना. लग्न केलं नाही, दुकान चालवलं, आणि दुकानाबरोबर बापाचा शब्दही चालवला. टीव्हीवर बिशप आला की उठून चहाची किटली ठेवायची, हे मला ऑब्रीनंच हसत हसत सांगितलं होतं. हसण्यासारखं नव्हतं ते. वडिलांच्या अंत्यविधीनंतर तो ॲक्रिंग्टनला गेलाच नव्हता आणि तिनंही कधी बोलावलं नव्हतं. नाताळला कार्ड यायचं, पाकिटावर 'श्री. ऑ. स्ट्राउड' असं लिहिलेलं.

म्हणून दर जानेवारीत तो त्या दुसऱ्या अर्नेस्टला पत्र टाकायचा: आपण निवृत्त होणार असाल तर नाव मोकळं कराल का? आणि दर जानेवारीत कुठल्या तरी समुद्रकाठच्या गावाहून चित्राचं पोस्टकार्ड यायचं. "प्रिय ऑब्री, यंदाही काम मिळालं. माफ कर. तुझा, अर्नेस्ट." चव्वेचाळीस पत्रं, चव्वेचाळीस कार्डं. भेट एकदाही नाही. दुसऱ्या अर्नेस्टचं काम म्हणजे उन्हाळ्यात हवालदार क्रमांक दोन, आणि नाताळात पोराटोरांच्या नाटकात गायीचा मागचा भाग; तिथे एका कातड्यात दोन माणसं शिरून गाय करतात.

त्या शुक्रवारी मी ऑब्रीला जिवंत ठेवून फोन ठेवला न ठेवला, तोच तो पुन्हा वाजला.

"मिस पास्क का? मी एड्ना टॅटरसॉल. ॲक्रिंग्टनहून." ऑब्रीची एजंट झाल्यापासून सोळा वर्षांत पहिल्यांदा मी हा आवाज ऐकत होते. "पेपर आला. टॅटरसॉल म्हणून छापलंय. ठळक."

"मिस टॅटरसॉल, तुमचे भाऊ जिवंत आहेत. पेपरची चूक झालीय. मी आत्ताच बोलले त्यांच्याशी."

पलीकडे कुठंतरी घड्याळ चालू होतं.

"मी आज दुकान उघडलं नाही," ती म्हणाली.

"सॉरी. तुम्हाला फार—"

"अकरा वाजत आले. आता उघडते." आणि ठेवायच्या आधी, "ते कात्रण ठेवू का फेकू?"

ठेवा म्हटलं.

चूक कशी झाली ते वर्तमानपत्रानं दुपारी कळवलं, नाखुशीनंच. ब्रिडलिंग्टनच्या थिएटरात मंगळवारी मध्यंतरात अर्नेस्ट टॅटरसॉल नावाचा नट विंगेत बसल्या जागी गेला, अशी खबर आली. कारकुनानं नटांचा संदर्भग्रंथ उघडला. 'टॅटरसॉल, अर्नेस्ट' समोर लिहिलं होतं, 'पाहा: स्ट्राउड, ऑब्री'. त्यानं पाहिलं, आणि खण उघडला.

मी हे ऑब्रीला सांगितलं. मला वाटलं हसेल.

"म्हणजे तो गेला," ऑब्री म्हणाला. "आणि त्याची जागा मी खाल्ली."

"त्याला जागा मिळणारच नव्हती रे. दोन ओळी फार तर."

"मग त्या दोन ओळी तरी छापा म्हणावं."

त्यानं स्वतःच लिहून पाठवल्या. सोमवारी आतल्या पानावर, चुकीच्या दुरुस्तीखाली आल्या: 'अर्नेस्ट टॅटरसॉल, नट. चव्वेचाळीस वर्षांत एकही प्रयोग चुकवला नाही.' मंगळवारचा उत्तरार्ध तेवढा सोडला तर हे खरं होतं.

नाव आता मोकळं होतं. युनियननं अर्ज एका दिवसात मंजूर केला, मला वाटतं लाजेखातर. माझ्या मनात फेब्रुवारीतला अमेरिकन सिनेमा होता. मी त्यांना फोन करून विचारलं, पडद्यावर नाव अर्नेस्ट टॅटरसॉल असं टाकाल का? ते म्हणाले, आम्ही ऑब्री स्ट्राउड घेतलाय, हा कोण? उंचावरून पडायला हा टॅटरसॉलही तयार असेल, तर त्याला वेगळा अर्ज करायला सांगा.

"झालं," मी ऑब्रीला म्हणाले. "हे नाव कुणाला नकोय. अडुसष्टाव्या वर्षी नवशिक्या नट आहेस तू."

"ब्रिडलिंग्टनला हवंय," तो म्हणाला. "तिथे कार्यक्रमपत्रिकेवर छापून तयार आहे."

मी आधी समजले नाही. समजल्यावर बराच वेळ बोलले. गुडघ्यांबद्दल बोलले, पाठीबद्दल, बिशपबद्दल, आणि वाकलेल्या अवस्थेत त्याला काही झालं तर मी सिनेमावाल्यांना काय सांगू याबद्दल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. भरवशाचा होताच तो.

"म्युरिएल, एड्ना अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," तो म्हणाला. "मी सगळ्या इंग्लंडला आवडलो. पण तिनं मला बघितलेलं नाही."

मी गाडीची वेळ बघितली.

ब्रिडलिंग्टनला गायीचा पुढचा भाग होती मेव्हिस. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, मृत अर्नेस्टबरोबर एकोणीस नाताळ त्याच कातड्यात काढलेली. मधले दिवस थिएटरच्या सुतारानं मागची बाजू निभावली होती, आणि मेव्हिसच्या मते गाय लंगडी वाटत होती. तिनं ऑब्रीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचे सिनेमे बघितलेत मी. वाकून, तोंड न दाखवता काम केलंय का कधी?"

"अमेरिकेत," ऑब्री म्हणाला. "बरंच."

ती हसली नाही. "एर्नी मोजायचा. डावा, उजवा, थांब. माझ्या कमरेला धरायचं, पण हळू. शेपटीची दोरी उजव्या हाताला. आणि आत आवाज करायचा नाही. गाय मी आहे, बोलले तर मीच बोलेन. बूट आपापले घालायचे, वरून खुरं बांधायची."

"तो कसा होता?" ऑब्रीनं विचारलं.

"कोण, एर्नी?" मेव्हिस खुरांच्या नाड्या सोडवत बसली. "तुमची पत्रं जपून ठेवायचा. म्हणायचा, एवढा मोठा माणूस दरवर्षी विचारतो, काम चालू आहे का म्हणून. घरचं कुणी विचारत नव्हतं त्याला." मग ती उठली. "चला. डाव्यापासून."

आठवडाभर त्यानं तालीम केली. अख्ख्या कारकिर्दीत मेव्हिसइतकं त्याच्यावर कुणी रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता आमच्या थिएटरांत एक रिवाज आहे. एखादी भूमिका छापील नटाऐवजी दुसऱ्यानं केली, तर तसं सांगणारी चिठ्ठी प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत घालावी लागते. व्यवस्थापकानं रिवाज सोडला नाही. शनिवारच्या दुपारच्या प्रयोगाला, तो शेवटचा प्रयोग होता, प्रत्येकाच्या हातात ही चिठ्ठी पडली: 'श्री. अर्नेस्ट टॅटरसॉल यांच्या दुःखद निधनामुळे आजच्या प्रयोगात गायीचा मागचा भाग ही भूमिका श्री. अर्नेस्ट टॅटरसॉल करतील.'

माझ्या मागच्या रांगेतल्या एका बाईनं ती दोनदा वाचली आणि पोराला जवळ ओढून घेतलं.

एड्नाला मी बुधवारी फोन केला होता. तिनं विचारलं, "कागदावर आहे का?" आहे म्हटलं. "छापील?" छापील. लीड्सला बस बदलून ती आली, तपकिरी टोपी, मांडीवर मोठी काळी पर्स. आत शिरल्याशिरल्या तिनं चिठ्ठी घेतली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, वाचली. घडी करून पर्समध्ये ठेवली. आणखी एक मागून घेतली.

"ही बाबांची," ती म्हणाली.

पडदा उघडला. राजकन्या आली, दुष्ट जमीनदार आला, पोरांनी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या प्रसंगात गाय आली. पुढून मेव्हिस मान डोलवत, मागून दोन पाय. गायीनं रंगमंचाला एक फेरी घातली, शेपटी जमीनदाराच्या तोंडावर मारली, मग मागचे पाय एकमेकांवर टाकून खांबाला टेकून उभी राहिली. पोरं खुर्च्यांवर चढली. मी ऑब्रीला तीन राजे करताना पाहिलंय, टाळ्या पडताना पाहिलंय. असा हशा त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

एड्ना हसत नव्हती. ती खाली बघत होती, पायांकडे.

"डावा आत टाकतो," ती हळूच म्हणाली. "बाबा असेच चालायचे. त्यांच्या बुटाची डावी टाच बाहेरून झिजायची, दर तीन महिन्यांनी." मग म्हणाली, "टीव्हीत कधी पाय दाखवले नाहीत त्याचे. झगाच आपला."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही बघायचात?"

"किटलीला उकळायला चार मिनिटं लागतात," एड्ना म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं."

प्रयोगानंतर आम्ही मागं गेलो. ऑब्री एका खोक्यावर बसला होता, कमरेखाली गाय, कमरेवर घामानं भिजलेला बनियन. बहिणीला पाहून तो उठायला लागला आणि गुडघ्यांनी त्याला परत बसवलं. तेहतीस वर्षांनी भेटत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. नट होता तो, त्याच्याकडे शब्द असायला हवे होते.

"बूट काढ," एड्ना म्हणाली.

त्यानं खूर सोडलं, बूट काढला. तिनं तो उलटा करून उजेडाकडे धरला, अंगठा टाचेवरून फिरवला.

"कुणी लावलीय ही टाच?"

"लंडनला. एक जण आहे."

"गाढव आहे तो. दुसरा दे."

दोन्ही बूट तिनं पर्समध्ये कोंबले आणि त्यातूनच दुकानाचं पावतीपुस्तक काढलं. ते ती बरोबर बाळगतच असणार. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"बुधवारपर्यंत होतील. न्यायला यावं लागेल, मी टपालानं पाठवत नाही. नाव?"

ऑब्रीनं तोंड उघडलं. पानंच्या पानं स्वगतं म्हणणारा हा माणूस, चव्वेचाळीस वर्षांत एकदाही संवाद न विसरलेला. त्याला ते नाव म्हणता आलं नाही. मी त्याला आठवण करून द्यायला पुढे झाले होते, पण एड्नानं माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"राहू दे, एर्नी," ती म्हणाली. "मला येतं." आणि तिनं ते सावकाश पूर्ण लिहिलं, अर्धी पावती फाडून त्याच्या हातात ठेवली.

हॉटेलपर्यंत तो खुरांतच चालत गेला. पावती सबंध वाटभर हातात होती.