मेन लाद्राला चौकात फिरवलं तो दिवस

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना कुलकुल आहे. कुलकुल म्हणजे पोटात कोरलेला, ठोकला की बोलणारा ओंडका. बाली बेटावर वस्तीवस्तीत असा एक टांगलेला असतो. सुताराने फणसाची माफी मागूनच कुऱ्हाड उचलली, मला कोरलं आणि काळ्यापांढऱ्या चौकडीचं वस्त्र नेसवून चौकातल्या मनोऱ्यावर चढवलं.

माझे दिवस मोठे मानाचे होते. सभेचे ठोके वेगळे, आगीचे वेगळे, कुणी गेलं तर आणखी वेगळे. ऐकताच माणसं हातातलं काम टाकून यायची. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि माझ्या पोटात कबुतरांनी संसार थाटला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण पिल्लं गोड होती.

माझ्या सावलीत मेन लाद्रा भात विकायची. मेन लाद्रा म्हणजे लाद्राची आई. ती हसून सांगायची, "मी गेले की मला चौकात चांगलं गरागरा फिरवा." आमच्याकडे अंत्ययात्रेचं उंच मखर खांद्यावर घेऊन चौकात फिरवतात. आत्मा घरची वाट विसरतो आणि पुढच्या वाटेला लागतो.

ती गेली तेव्हा लाद्रा शहरातून आला. वस्तीच्या कामाला तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. चावडीच्या पायरीवर उभा राहून तो वस्तीच्या म्होरक्याला, पान विर्ताला म्हणजे विर्ताच्या बापाला, म्हणाला, "काका, सगळं ठरवलंय. पुरोहित, दहनासाठी लाकडी बैल, मखर, नंतरचे विधी. मखर ट्रकवरून जाईल. तुम्हाला कशाला त्रास?"

आमच्याकडे वस्तीचा खांदा नाकारण्याहून मोठा अपमान नाही.

"बरं झालं बाबा, सांगितलंस," पान विर्ता म्हणाला. "आम्ही उगाच बांबू तासायला सुऱ्यांना धार लावत बसलो होतो."

शेजारची रेंतेग आजी पुढे आली. "काय रे, ट्रक चौकात गरागरा फिरतो का? तुझ्या आईला वाट पाठ राहायची. संध्याकाळी दारात उभी राहून विचारेल, लाद्रा, तांदूळ धुतलेस का?"

सगळे हसले. लाद्राला हसू येईना. "आजी, कुठल्या तोंडाने बोलावू? मी कुणाच्याच मखराला खांदा दिला नाही."

"ज्या तोंडाने आईकडे भात मागायचास, त्याच तोंडाने!"

पान विर्ताने मला ठोकायचा दांडका त्याच्या हातात दिला. लाद्रा शिडी चढून आला. कबुतरं फडफडत उडाली आणि कितीतरी दिवसांनी मी बोललो. आवाज घोगरा झाला होता, पण निघाला.

खाली रस्ता रिकामा. "येतील का?" लाद्राने विचारलं. मित्रांनो, माझाही जीव टांगणीला लागला होता. वस्तीतली माणसं आली नसती, तर म्हातारीची इच्छा ट्रकमध्येच राहिली असती.

मग गल्लीच्या तोंडाशी एक बांबू दिसला आणि बांबूखाली एक माणूस. "ओळखलंस का, शहरवाल्या?" तो लांबूनच ओरडला. त्याच्यामागे नारळ घेऊन दोघी, मग अख्खी गल्ली. प्रत्येकाने येताना एक बांबू नाहीतर नारळ आणला आणि एक टोमणा. लाद्राने दोन्ही मान खाली घालून घेतले. पुढचे दिवस चावडीत खोबरं किसलं जात होतं, पानं विणली जात होती, आणि लाद्रा सगळ्यांना कॉफी देत फिरत होता. त्याची कॉफी अगदीच पांचट होती, हेही त्याला सांगण्यात आलं.

ठरलेल्या दिवशी मखर उठलं. पुढच्या बांबूखाली लाद्रा होता. चौकात, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, त्यांनी ते असं गरागरा फिरवलं की वरचे कागद फडफडले. थांबले तेव्हा लाद्राला गरगरत होतं.

"आजी," तो धापा टाकत म्हणाला, "आपलं घर कुठल्या बाजूला?"

रेंतेग आजीने टाळी वाजवली. "पोराला कळेना, मग म्हातारीला काय कळणार! सुटली गं बाई, सुटली!"

सगळी वस्ती हसली. डोळे पुसत लाद्राही हसला, आणि मखर स्मशानाच्या वाटेला लागलं.

मित्रांनो, हाक मारायला लाजू नका. आपण कुणाकुणाकडे गेलो नाही ते आठवलं, तरी मारा. आणि दुसऱ्याची हाक कानावर आली की, मनात राग असला तरी, बांबू उचला आणि निघा. टोमणे तिथे पोचल्यावरही मारता येतात.