बावीस, तेवीस, चोवीस

मुलींच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून मागणीचं पत्र आलं. मानवी शरीराचे तीस पुतळे हवेत. स्त्रीचे. अवयव सुटे निघणारे, प्रत्येक अवयवावर क्रमांक, सोबत नावांचा तक्ता. आणि अगदी खाली एक ओळ: 'पोटाखालचा भाग नेहमीप्रमाणे बंद असावा.'

दादाने पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. त्याला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द दिसला की आपण कोणीच पुढे विचार करत नाही. दादा तरी कशाला करेल?

त्याचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टबांमध्ये रद्दी कागद भिजत असायचे. ते कुटायचे, त्यात खळ आणि खडूची भुकटी घालायची, वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि तो लगदा प्लॅस्टरच्या साच्यात बोटांनी दाबून बसवायचा. हे काम दादाची धाकटी बहीण करायची. पंचवीस वर्षं कोपरापर्यंत हात लगद्यात, म्हणून गल्लीने तिचं नाव लगदेबाई पाडलं होतं. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की ती दोन्ही हात पुढे करायची आणि म्हणायची, "धरा की." विचारणारा मागे सरायचा.

मागच्या खोलीत वाळलेले अवयव काचकागदाने घासून रंगवले जायचे. तिथे दादाची बायको, म्हणजे लगदेबाईची वहिनी, स्टुलावर बसायची. यकृताचा तपकिरी रंग आणि प्लीहेचा जांभळट रंग यांतला फरक तिच्यासारखा कोणालाच साधायचा नाही. अकरा वर्षांत तिने हजारो हृदयं रंगवली होती. तक्ते लिहायचा दादा. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं.

आता ते 'नेहमीप्रमाणे' काय होतं, ते सांगतो.

बारा वर्षांपूर्वी एका शाळेने पुतळा परत पाठवला होता. चादरीत गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून, हातगाडीवर. जणू कोणाचा खून झाला होता. निरोप असा की मुली हसतात, मास्तरांना शिकवता येत नाही, तेवढा भाग काढा. दादाने वाद घातला नाही. त्याने एक गुळगुळीत झाकण तयार केलं, त्याचा साचा केला, आणि तेव्हापासून प्रत्येक स्त्री-पुतळ्याच्या पोटाखाली ते झाकण चार स्क्रूंनी बसू लागलं. आतली जागा पोकळ. तिथल्या अवयवांचे साचे पोत्यात घालून माळ्यावर टाकले.

गंमत म्हणजे क्रमांक तसेच राहिले. ते साच्यातच कोरलेले होते, बदलायचे तर सगळे साचे नव्याने करावे लागले असते. त्यामुळे तक्त्यात एकवीस म्हणजे मूत्राशय, आणि त्याखाली थेट पंचवीस, मांडीचं हाड. बावीस, तेवीस, चोवीस गायब. बारा वर्षं हे तक्ते शाळाशाळांच्या भिंतींवर लटकले. एकाही शिक्षकाने विचारलं नाही की मधले तीन गेले कुठे. ज्यांचं आयुष्य मुलांच्या बेरजा तपासण्यात जातं, त्यांना एकवीसनंतर पंचवीस येतात याचं काही वाटलं नाही!

तीस पुतळ्यांचं काम सुरू झालं आणि त्याच महिन्यात वहिनीचा वेग मंदावला. दोन अवयव रंगवून झाले की भिंतीला टेकायची. ओठ पांढरे पडले होते. दादा म्हणाला, उन्हाळा आहे. शेजारीण म्हणाली, वय झालं. वहिनी म्हणाली, काही नाही, जरा त्रास आहे. 'त्रास' या शब्दात आपल्या बायका काय काय बसवतात! डोकेदुखी त्यातच आणि मरण त्यातच.

एका दुपारी वहिनी पाणी प्यायला उठली, तेव्हा लगदेबाईला स्टुलाच्या गोणपाटावर डाग दिसला. हाताएवढा. वहिनी मागे वळली आणि घाईने म्हणाली, "रंग सांडला, ताई. मी धुते."

लगदेबाई गोणपाटाकडे बघत राहिली. त्या आठवड्यात फुप्फुसं आणि निळ्या शिरा चालू होत्या. लाल डब्याचं झाकण उघडलंच नव्हतं, त्यावर धूळ होती. आणि तेलरंग सुकला की चकाकतो. हा डाग कडेने काळपट झाला होता. तिने वाकून वास घेतला. टर्पेंटाईनचा नव्हता.

"किती दिवस?" तिने विचारलं.

वहिनीने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग खाली बसली आणि हळूहळू एकेक बाहेर आलं. आठ महिने. पाळी सुरू झाली की वीस-वीस दिवस थांबत नाही. कधी कधी गाठी पडतात. डॉक्टरकडे तीन वेळा जाऊन आली होती. पोटात दुखतं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं पोटात कुठे, तर हिने सांगितलं पोटातच. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आठ महिने ही बाई पित्ताच्या गोळ्या खात होती.

"अगं, मग नीट सांगायचं ना त्यांना!"

"काय सांगायचं?" वहिनी म्हणाली. "बाजूला कंपाउंडर उभा. बाहेर हे बसलेले. आणि म्हणायचं तरी काय त्या जागेला, ताई? मला शब्दच सापडेना."

लगदेबाईने वर पाहिलं. समोर फळीवर वहिनीने रंगवलेले अवयव सुकत होते. स्वादुपिंड, आद्यांत्र, महाधमनी. ही नावं वहिनीला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. जगातल्या कोणत्याही माणसाचं पोट तिला माहीत होतं. स्वतःच्या पोटात जिथून रक्त जात होतं, तिथे मात्र झाकण होतं. ते या घरानेच घडवलं होतं, आणि त्याचा लगदा लगदेबाईनेच दाबला होता.

ती उठली. शिडी लावून माळ्यावर चढली आणि पोतं खाली ओढलं. धुळीने दोघी खोकल्या. साचे शाबूत होते. गर्भाशय, बीजांडकोश, योनिमार्ग. लगदा चिकटू नये म्हणून तिने साच्यांना साबणाचा हात दिला आणि लगदा भरायला घेतला.

दादा आला आणि थबकला. हे काय चाललंय, त्याने विचारलं. संस्थेने बंद म्हणून कळवलंय. शिवाय दार सताड उघडं आहे, रस्त्यावरून माणसं जातात.

"जाऊ देत," लगदेबाई म्हणाली. "सगळी इथूनच आली आहेत."

दादाचे कान लाल झाले. तो म्हणाला, तुला काही लाज आहे का? तिने साच्यातला अंगठा न काढता उत्तर दिलं, की लाज भरपूर होती, बारा वर्षं तीच वापरली, आता संपली. वहिनीला रक्त जातंय हे तिने त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, बायकांचं असतंच काहीतरी. आणि बाहेर निघून गेला. वाईट माणूस नव्हता हो तो. आपल्यातलाच होता, हेच तर दुखणं आहे.

लगदा वाळायला दोन दिवस हवे असतात. लगदेबाईने तो विजेच्या शेगडीजवळ ठेवून एका दिवसात वाळवला, घासला, पांढरा हात दिला आणि वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"रंगव."

वहिनीने मुठीएवढा तो अवयव हातात फिरवून फिरवून पाहिला. "एवढंसं असतं?" असं म्हणाली. मग कुंचला उचलला. पहिल्यांदाच रंगवत होती, पण रंग चुकला नाही. रंगवता रंगवता ती मध्येच थांबली आणि तिने कुंचल्याचं टोक एका बाजूला टेकवलं. "इथे दुखतं, ताई. गाठीसारखं लागतं."

"नाव घे त्याचं."

"राहू दे ना."

"प्लीहेचं घेतेस, तसंच घे. तोही अवयव, हाही अवयव. याने काय घोडं मारलंय?"

वहिनीला हसू आलं. आणि हसता हसताच तिने ते नाव घेतलं. पहिल्यांदा पुटपुटून, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी दोघी सरकारी दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांकडे गेल्या. खुर्चीवर बसताच वहिनीने पिशवीतून तो अवयव काढून टेबलावर ठेवला. रंग अजून चिकट होता, टेबलावरच्या कागदाला डाग पडला. "हे गर्भाशय," ती म्हणाली. "इथे गाठ लागते. आठ महिने रक्त जातंय." डॉक्टरबाईंनी आधी त्या वस्तूकडे पाहिलं, मग वहिनीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. अंगात रक्त इतकं कमी उरलं होतं की ही बाई स्वतःच्या पायांनी चालत आली यावर त्यांचा विश्वास बसेना. तिला लगेच दाखल करून घेतलं. गाठ मोठी होती. गर्भाशय काढावं लागणार होतं.

दादा धावत आला. नर्सने त्याच्यापुढे संमतीचा कागद सरकवला. कोणती शस्त्रक्रिया, ते नातेवाइकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं. दादाने पेन टेकवलं आणि तो तसाच राहिला.

"नुसतं ऑपरेशन लिहिलं तर चालेल का?" त्याने विचारलं.

"कशाचं? गुडघ्याचं?" नर्स म्हणाली. "लिहा लवकर, बाई आत थांबली आहे."

ज्या माणसाने शरीरातल्या प्रत्येक हाडाचं नाव शेकडो वेळा वळणदार अक्षरात लिहिलं होतं, त्याला बायकोच्या एका अवयवाचं नाव लिहिता येईना. घाम फुटला. मागच्या रांगेतली माणसं बघत होती. अखेर त्याने लिहिलं. चार अक्षरं. मग तो बाकावर जाऊन बसला आणि लगदेबाईला म्हणाला, "आठ महिने शेजारी झोपत होतो मी."

तिने त्याची समजूत घातली नाही. काही वाक्यं माणसाला एकट्याला ऐकू द्यावी लागतात.

वहिनी वाचली. महिन्याभराने ती पुन्हा स्टुलावर बसू लागली. त्याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष पहिला पुतळा पसंत करायला आले. गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी हृदय काढून पाहिलं, फुप्फुसाची वाखाणणी केली, आणि पोटाखाली नजर जाताच चष्मा काढून पुसायला लागले.

हे बंद करून द्या, ते म्हणाले. आम्ही पत्रात कळवलं होतं. संस्थेच्या मुली चांगल्या घरच्या आहेत.

"चांगल्या घरच्या मुलींना गर्भाशय नसतं का?" लगदेबाईने विचारलं.

अध्यक्षांनी तिच्याकडे न बघता दादाला समजावलं, की प्रत्येक गोष्टीला वय असतं, जागा असते, लग्न झालं की सगळं आपोआप कळतं. तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. वहिनी दाराला धरून उभी होती.

"माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मी मरायला टेकले होते, तरी आपोआप काही कळलं नाही. तुमच्या शाळेतल्या किती मुली पोटात दुखतं म्हणून घरी जातात, साहेब? त्यांना विचारता का कधी, पोटात कुठे?"

अध्यक्ष मानले नाहीत. दादाकडे वळून म्हणाले, बायकांचं सोडा, तुम्ही व्यवहाराचं बोला. झाकण बसवता की नाही?

लगदेबाईने भावाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा मान खाली घालेल. तीस पुतळे म्हणजे वर्षाचं काम होतं.

"झाकण नाही," दादा म्हणाला. "साचा फोडला मी."

"मग दुसरा करा."

"करता येतो. करणार नाही."

अध्यक्ष गेले. मागणीही गेली. त्या वर्षी या घराने दुकानांसाठी कागदाची फळं, फुलदाण्या आणि मुखवटे केले, चहात साखर कमी घातली. ते खोटं रंगवून सांगणार नाही. सत्य बोललं की लगेच हार पडतात, हे फक्त भाषणात होतं. पण एकाही पुतळ्यावर झाकण बसलं नाही. तो पहिला पुतळा दादाने स्वतः उचलून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. बाजूला नवा तक्ता टांगला. टवाळ पोरांनी शिट्ट्या मारल्या, एका सभ्य गृहस्थाने रस्ता ओलांडला, कोणीतरी काचेवर चिखल मारला. लगदेबाईने काच पुसली. लगद्यापुढे चिखल म्हणजे काय!

वाचकहो, तुमच्याही घरात असं एखादं झाकण आहे. शोधा म्हणजे सापडेल. लेकीला नाक, कान, कोपर शिकवताना तुम्ही जिथे एकदम मोठ्यांदा दुसरंच काही बोलायला लागता, तिथे ते बसवलेलं आहे. त्याला तुम्ही संस्कार म्हणता. मी त्याला झाकणच म्हणेन. ज्या अवयवाचं नाव घ्यायला तुम्ही लेकीला शिकवत नाही, त्याचं दुखणंही तिला सांगता येणार नाही, आणि त्याला कोणी हात लावला तर तेही सांगता येणार नाही. नावं शिकवा, आजच, आणि ती घेताना तोंड दुसरीकडे फिरवू नका.

शाळा सुटली की आता मुलींचा एक घोळका त्या खिडकीशी थांबतो. आधी तोंडावर हात घेऊन हसतात. मग हसून संपतं आणि त्या वाचायला लागतात. परवा त्यांतली एक, पाठीवरच्या दप्तराने वाकलेली, काचेवर बोट ठेवून मोठ्याने तक्ता वाचत होती. आत वहिनीचा कुंचला थांबला. दादा दाराशी आला.

"एकोणीस, वीस, एकवीस," ती वाचत होती, "बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस."

ती कुठेच अडखळली नाही.